नेत्रशस्त्रक्रियेचा हात कसा बसतो

नेत्रशस्त्रक्रिया शिकणाऱ्या डॉक्टरला रुग्णाच्या डोळ्याला हत्यार लावण्याआधी सराव करता येईल अशा चार जागा आज आहेत : फळाची साल किंवा प्लास्टिकचा डोळा, बकऱ्याचा डोळा, दान मिळालेला पण प्रत्यारोपणाला न चालणारा मानवी डोळा आणि संगणकाने उभा केलेला आभासी डोळा. या सगळ्या सरावाला सिम्युलेशन म्हणतात. त्याच्या जोडीला शस्त्रक्रियेचा व्हिडिओ असतो. झालेले काम पुन्हा पाहून त्यातले बरेवाईट निवडायला तो उपयोगी पडतो. दोन्हींचा हेतू एकच आहे. नवशिक्याच्या हातून चुका होणारच. त्या रुग्णाच्या डोळ्याबाहेर होऊन जाव्यात.

मध्य मुंबईत या विषयाला वेगळे वजन आहे. भायखळ्याचे ग्रँट मेडिकल कॉलेज १८४५ पासून डॉक्टर घडवते आहे. त्याला जोडलेल्या जे. जे. रुग्णालयाच्या परिसरात सर कावसजी जहांगीर यांच्या नावाचे नेत्ररुग्णालय आहे. परळला केईएम रुग्णालय आणि शेठ गोर्धनदास सुंदरदास मेडिकल कॉलेज १९२६ साली सुरू झाले. लालबाग-परळच्या एकेकाळच्या गिरण्यांतले कामगार, त्यांच्याकडे कोकणातून आणि घाटावरून आलेले आईवडील, फुटपाथवर पोट भरणारी माणसे हे या रुग्णालयांचे पिढ्यान्‌पिढ्यांचे रुग्ण. उपचार मोफत किंवा नाममात्र दरात मिळतात आणि तिथेच निवासी डॉक्टर शिकतात. त्यामुळे शिकाऊ हाताखाली येणारा पहिला डोळा बहुतेक वेळा गरिबाचा असतो. सराव कुठे व्हावा, हा प्रश्न म्हणूनच शिक्षणाचा तसा न्यायाचाही आहे.

हाताला काय शिकावे लागते

माणसाचा डोळा पुढून मागे साधारण २४ मिलिमीटर भरतो. मोतीबिंदू होतो तो बाहुलीमागच्या भिंगाला. हे भिंग नऊ-दहा मिलिमीटर व्यासाचे असून एका पारदर्शक पिशवीत बसलेले असते. या पिशवीला कॅप्सूल म्हणतात. तिचा पुढचा पापुद्रा सुमारे १४ मायक्रॉन जाड असतो, तर मागचा पापुद्रा मध्यभागी जेमतेम ४ मायक्रॉन. डोक्याच्या केसाच्या जाडीचा हा पंधरावा-विसावा हिस्सा झाला. शस्त्रक्रियेत पुढचा पापुद्रा गोल उघडायचा, आतला गढूळ गाभा बाहेर काढायचा आणि मागचा पापुद्रा शाबूत ठेवून त्याच पिशवीत कृत्रिम भिंग बसवायचे असते.

गोल उघडण्याच्या कृतीला रेक्सिस म्हणतात. नवशिक्यांची खरी परीक्षा इथेच होते. सर्जन डोळ्याच्या पुढच्या कप्प्यात जेलीसारखे औषध भरतो. त्या कप्प्याची खोली तीन मिलिमीटरच्या आसपास असते. मग टोक वाकवलेल्या २६ नंबरच्या सुईने पापुद्र्याला मधोमध छेद देऊन एक छोटी पाकळी उचलतो. ही पाकळी उलटी दुमडून गोल फिरवत न्यायची असते. ओढ कायम वर्तुळाच्या रेषेतच राहावी म्हणून दर पाव फेऱ्याला ती सोडून नव्याने धरावी लागते. फेरी पूर्ण झाली की पाच-साडेपाच मिलिमीटरचे स्वच्छ गोल तोंड तयार होते. जेली कमी पडली, सुईने जखमेच्या कडेवर दाब दिला किंवा पाकळी उशिरा धरली, तर चीर वर्तुळ सोडून भिंगाच्या कडेकडे धावते. ‘रेक्सिस पळाली’ असे निवासी डॉक्टर म्हणतात ते यालाच. अशा वेळी हात थांबवायचा, पुन्हा जेली भरायची आणि पाकळी उलट दिशेने, केंद्राकडे ओढून चीर परत आणायची, ही युक्ती ब्रिटिश सर्जन ब्रायन लिटल यांच्या नावाने ओळखली जाते. वाचायला ती चार ओळींची आहे. हाताला उमगायला मात्र रेक्सिस अनेकदा पळावी लागते.

अल्ट्रासाऊंडने गाभा फोडून काढण्याच्या फेको शस्त्रक्रियेत पायांनाही काम असते. एका पायाखाली सूक्ष्मदर्शकाचे पेडल असते. त्याने दृश्य जवळ-लांब आणि स्पष्ट करायचे. दुसऱ्या पायाखालचे पेडल फेको यंत्राचे. ते थोडे दाबले की डोळ्यात पाणी जाते, आणखी दाबले की शोषण सुरू होते, तळाला नेले की अल्ट्रासाऊंडची शक्ती लागून गाभा फुटतो. दोन हात, दोन पाय आणि भिंगातून पाहणारे दोन डोळे एकत्र चालायला हवेत. घाईत पेडल जास्त दाबले गेले आणि मागचा पापुद्रा हत्याराच्या टोकाशी खेचला गेला, तर तो फाटतो. मग डोळ्याच्या मागच्या भागातला काचद्रव पुढे येतो, शस्त्रक्रिया लांबते आणि पुढे दृष्टिपटलाला सूज येण्याचा किंवा ते सुटण्याचा धोका वाढतो. शिकाऊ सर्जन किती सुरक्षित आहे हे पाहायला मागची कॅप्सूल फाटण्याचे प्रमाण मोजतात ते यासाठीच.

जुनी रीत

एम. एस. नेत्रचिकित्सेचा अभ्यासक्रम तीन वर्षांचा असतो. रुग्णालयातल्या रिवाजाप्रमाणे विद्यार्थी आधी वरिष्ठांच्या शेजारी बसून सूक्ष्मदर्शकाच्या बाजूच्या नळीतून पाहतो, मग डोळ्याभोवती भुलीचे इंजेक्शन द्यायला शिकतो आणि हळूहळू त्याला एखादी ‘स्टेप’ मिळते. पुष्कळ शिक्षक शेवटच्या पायऱ्यांपासून सुरुवात करतात : आधी जेली धुऊन काढणे, मग भिंग बसवणे, मग मागे येत येत रेक्सिस. अवघड काम शिक्षकाच्या हातून झालेले असल्यामुळे रुग्णाला त्यात धोका कमी राहतो. एकेक पायरी जमली की पूर्ण ‘केस’ मिळते.

या रीतीने थोर सर्जन घडले. जे. जे. रुग्णालयात काम करताना आणि आनंदवनापर्यंत जाऊन घेतलेल्या शिबिरांत लाखाहून अधिक शस्त्रक्रिया करणारे डॉ. तात्याराव लहाने त्यांपैकी एक. २००८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. संख्येने हात बसतो हे अशा कारकिर्दींवरून दिसते. रिवाजात दोन अडचणी मात्र राहतात. विद्यार्थ्याच्या वाट्याला कोणती केस येईल आणि ती कधी येईल, हे नशिबावर असते. दुसरी अडचण टेबलावरच्या रुग्णाची. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया सहसा डोळ्यापुरती भूल देऊन होते. रुग्ण जागा असतो, त्याला सगळे ऐकू येते. त्यामुळे ‘चुकतंय, थांब’ हे शब्द शिक्षकाला मोठ्याने उच्चारता येत नाहीत. तो विद्यार्थ्याच्या हाताला हलका स्पर्श करतो किंवा जागा बदलून स्वतः पुढे बसतो. का थांबवले, हे विद्यार्थ्याला त्या क्षणी कळत नाही.

भोपळ्यापासून टोमॅटोपर्यंत

निर्जीव वस्तूवर सराव करून मग माणसाकडे वळावे, हा विचार भारतात फार जुना आहे. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातला नववा अध्याय याच विषयाला दिलेला आहे. छेद देण्याचा सराव कोहळा, दुधी, कलिंगड, काकडी अशा फळांवर करावा. शीर उघडण्याचा सराव मेलेल्या जनावरांच्या शिरांवर आणि कमळाच्या देठांवर करावा, असे तिथे सांगितले आहे. शास्त्र तोंडपाठ असले तरी सराव न केलेला वैद्य कामाला लायक नाही, असा त्या अध्यायाचा रोख आहे.

आजच्या ड्राय लॅबमध्ये, म्हणजे निर्जीव वस्तूंवरच्या सरावात, त्याच जातीची साधने दिसतात. मंडईतल्या पिकलेल्या टोमॅटोची साल वाकवलेल्या सुईने गोल सोलायची, हा रेक्सिसचा पहिला धडा. साल जाड असते, ताणली जात नाही आणि आपण ओढू तशी जाते; पण पाकळी दुमडून धरणे आणि वर्तुळाची दिशा राखणे यांची सवय हाताला लागते. टाके घालण्याचा सराव स्पंजवर किंवा रबराच्या पातळ पट्टीवर होतो. जपानी सर्जन जुनसुके अकुरा यांनी ‘किटारो’ नावाचा संच बनवला. त्यात चेहऱ्याच्या मुखवट्यात कृत्रिम डोळा बसवलेला असतो आणि भिंगाचे व कॅप्सूलचे भाग बदलून पुन्हा वापरता येतात. साध्या टेबलावर बसूनही तो उघडता येतो, हे त्याचे मोठे सोयीचे अंग.

बकऱ्याचा डोळा

भारतात वेट लॅबचे, म्हणजे खऱ्या डोळ्यावरच्या सरावाचे, मुख्य साहित्य बकऱ्याचा डोळा आहे. परदेशात डुकराचा डोळा जास्त वापरतात. खाटकाकडून सकाळी आणलेले डोळे बर्फात ठेवले जातात, कारण काही तासांत कॉर्निया म्हणजे डोळ्याचा पुढचा पारदर्शक पडदा धुरकट होतो आणि आतले दिसेनासे होते. डोळा थर्माकोलच्या ठोकळ्यात किंवा पुतळ्याच्या चेहऱ्यात टाचण्यांनी घट्ट बसवतात. तो मऊ पडलेला असेल तर मागच्या बाजूने सलाइन टोचून त्याला ताण देतात. सूक्ष्मदर्शक बहुधा शस्त्रक्रियागृहातून निवृत्त केलेला जुना असतो. जनावरांच्या डोळ्यांसाठी वापरलेली हत्यारे रुग्णांच्या हत्यारांत कधीही मिसळत नाहीत आणि उरलेले डोळे जैववैद्यकीय कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीत जातात.

हा डोळा खरा आहे. त्यात पाणी आहे, रक्तहीन का होईना पण जिवंत वाटणारा पोत आहे. स्क्लेरा म्हणजे डोळ्याच्या पांढऱ्या भागात चिरेचा बोगदा करताना पाते किती खोल गेले, हे बोटांना इथेच समजते. तरी तो माणसाचा डोळा नव्हे. त्याची बाहुली आडवी, पट्टीसारखी असते. कॅप्सूल जाड आणि लवचीक असल्याने रेक्सिस सहज पळते. जनावर लहान वयाचे असल्याने भिंग मऊ राहते, उलट सरकारी रुग्णालयात येणारा मोतीबिंदू बराचसा पिकलेला, कडक आणि तपकिरी असतो. म्हणून काही ठिकाणी फॉर्मलिन टोचून किंवा मायक्रोवेव्हमध्ये काही सेकंद ठेवून भिंग कडक करून घेतात.

यापुढची पायरी मानवी डोळ्याची. परळच्याच हाजी बच्चूअली नेत्ररुग्णालयात मुंबईतील नेत्रदानाचा समन्वय करणारे आय बँक कोऑर्डिनेशन अँड रिसर्च सेंटर आहे. नेत्रपेढ्यांकडे आलेला प्रत्येक कॉर्निया प्रत्यारोपणाला चालतोच असे नाही. पेशींची संख्या कमी भरली किंवा कॉर्नियावर डाग असला, तर तो डोळा कुटुंबाच्या संमतीने शिक्षण आणि संशोधनाकडे जातो. दात्याने दिलेली दृष्टी अशा वेळी एका माणसाला मिळत नाही, पण शिकून तयार झालेल्या हाताच्या रूपाने पुढच्या अनेक रुग्णांपर्यंत पोचते.

आभासी डोळा

संगणकी सिम्युलेटरमध्ये पुतळ्याचे डोके आणि त्यात खोटा डोळा असतो. विद्यार्थी खरी वाटणारी हत्यारे त्यात घालतो. आतले कॅमेरे त्यांची प्रत्येक हालचाल टिपतात आणि दोन भिंगांतून त्रिमितीय चित्र दिसते. पायाखाली दोन्ही पेडले असतातच. जर्मनीत विकसित झालेले ‘आयसी’ हे यंत्र जगभर सर्वांत जास्त वापरले जाते. त्यातले पहिले धडे शस्त्रक्रियेचे नसतातच : तरंगणाऱ्या गोळ्यांना हत्याराच्या टोकाने स्पर्श करायचा, हात न थरथरता टोक एका रेषेवर फिरवायचे. मग रेक्सिस, मग गाभ्याचे तुकडे. प्रत्येक खेपेला यंत्र १०० पैकी गुण देते आणि कॉर्नियाला कुठे धक्का लागला, हत्यार किती वेळ नजरेआड होते, हेही दाखवते. रेक्सिस पळाली तर बटण दाबून तोच डोळा पुन्हा पहिल्यासारखा मिळतो. विसाव्या वेळीही.

भारताच्या गरजेला जवळचे दुसरे यंत्र ‘हेल्पमीसी’ या संस्थेचे. वैमानिकांना सिम्युलेटरवर शिकवणारी फ्लाइटसेफ्टी ही कंपनी ज्यांनी उभारली, त्या अल्बर्ट उल्टशी यांनी मुलासह २०१० साली ही संस्था स्थापन केली. वैमानिक जर आकाशात जाण्याआधी जमिनीवर विमान ‘पाडून’ शिकतो, तर सर्जनने तसे का शिकू नये, हा विचार त्यामागे होता. हे यंत्र मुळात फेकोसाठी बनवलेले नाही. ते लहान छेदातून हाताने केल्या जाणाऱ्या शस्त्रक्रियेसाठी आहे. आपल्याकडे लोक तिला बिनटाक्याचे ऑपरेशन म्हणतात. पात्याला ऊतीचा विरोध जाणवावा अशी हाताला स्पर्श परत देणारी सोय त्यात आहे. महागडे यंत्र न लागणारी ही शस्त्रक्रिया शिबिरांचा कणा आहे. पुण्याच्या एच. व्ही. देसाई नेत्ररुग्णालयात डॉ. परीक्षित गोगटे आणि सहकाऱ्यांनी ४०० डोळ्यांवर केलेल्या आणि २००५ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत तिच्यामुळे चष्म्यासह मिळणारी दृष्टी फेकोइतकीच चांगली आढळली होती.

उपयोग किती

सिम्युलेटरवर मिळवलेले गुण खऱ्या डोळ्यात उतरतात का, याची तपासणी झालेली आहे. ब्रिटनमध्ये पहिल्या-दुसऱ्या वर्षाच्या २६५ प्रशिक्षणार्थींच्या सुमारे १८ हजार शस्त्रक्रियांची नोंद पाहिली गेली. मागची कॅप्सूल फाटण्याचे प्रमाण २००९ मध्ये ४.२ टक्के होते, ते २०१५ पर्यंत २.६ टक्क्यांवर आले. याच काळात तिथे सिम्युलेटरचा प्रसार झाला. आफ्रिकेतील चार देशांच्या ५० प्रशिक्षणार्थींवरची चाचणी २०२१ साली प्रसिद्ध झाली. त्यात निम्म्यांना नेहमीच्या शिक्षणाआधी कृत्रिम डोळ्यांवरचा सखोल अभ्यासवर्ग दिला होता. त्यांच्या पुढच्या वर्षभरातील शस्त्रक्रियांत कॅप्सूल फाटण्याचे प्रमाण ७.८ टक्के होते, तर इतरांच्या शस्त्रक्रियांत २६.६ टक्के. त्याच वर्षी मुंबईतील नेत्रतज्ज्ञांचा सहभाग असलेली एक चाचणी प्रसिद्ध झाली. आभासी यंत्रावर बोगदा करायला शिकलेल्या नवशिक्यांनी खऱ्या शस्त्रक्रियेतील बोगद्यात कमी चुका केल्या, असे त्यात दिसले.

२०२० च्या टाळेबंदीने हा विषय एकदम निकडीचा केला. नियोजित शस्त्रक्रिया थांबल्या आणि निवासी डॉक्टर करोनाच्या कामावर गेले. त्या वेळी देशभरातील नेत्रविभागांच्या प्रशिक्षणार्थींच्या पाहणीत दहापैकी आठ जणांनी आपल्या शस्त्रक्रियेच्या शिक्षणाचे नुकसान झाल्याचे सांगितले.

व्हिडिओची शिकवण

डोळ्याची शस्त्रक्रिया सूक्ष्मदर्शकाखाली होत असल्याने सर्जनला जे दिसते तेच कॅमेऱ्याला दिसते. सूक्ष्मदर्शकात प्रकाश विभागणारा काचेचा भाग बसवून एक वाट कॅमेऱ्याकडे नेतात. समोरच्या पडद्यावर परिचारिका, विद्यार्थी सगळे एकच दृश्य पाहू शकतात. जिथे कॅमेरा नाही तिथे बाजूच्या नळीला मोबाइल जोडूनही चालते. पापण्या आणि अश्रुमार्गाच्या शस्त्रक्रिया उघड्या डोळ्यांनी होतात. त्यांसाठी सर्जनच्या डोक्यावर छोटा कॅमेरा बांधण्याची पद्धत आहे.

व्हिडिओचा खरा उपयोग रुग्ण घरी गेल्यावर सुरू होतो. दिवसाचे काम संपल्यावर शिक्षक आणि विद्यार्थी पडद्यासमोर बसतात. रेक्सिस पळाली तो क्षण येतो. शिक्षक चित्र दहा सेकंद मागे नेतो. चीर धावण्याआधीच पुढचा कप्पा उथळ झालेला दिसतो. त्याच्याही आधी सुई जखमेच्या कडेवर टेकून जेली बाहेर सांडलेली दिसते. चूक रेक्सिसमध्ये दिसली, पण घडली ती हाताच्या टेकण्यात. टेबलावर जे बोलता आले नाही ते इथे सावकाश बोलता येते आणि विद्यार्थ्यालाही स्वतःच्या डोळ्यांनी पटते.

यासाठी व्हिडिओ न कापलेला हवा. परिषदांत आणि इंटरनेटवर दिसणाऱ्या चित्रफिती बहुधा कापून-जोडून पाच मिनिटांत बसवलेल्या असतात. त्यातून कृतीचा क्रम कळतो. सर्जन कुठे अडला, किती वेळ थांबला आणि कसा सावरला, हे कापलेल्या भागात गेलेले असते. थेट प्रक्षेपणात मात्र ते दिसते. ऑर्बिस या संस्थेच्या विमानातील नेत्ररुग्णालयातून शस्त्रक्रिया थेट दाखवल्या जातात आणि तिच्या ‘सायबरसाइट’ या व्यासपीठावर भारतातले डॉक्टरही शिकतात. चित्रीकरणात रुग्णाचे नाव, चेहरा किंवा केसपेपर येऊ न देणे आणि शिक्षणासाठी वापरायला त्याची संमती घेणे बंधनकारक मानले जाते.

मोजपट्टी आणि मर्यादा

‘बरे जमले’ हा शेरा विद्यार्थ्याला फारसे काही शिकवत नाही. म्हणून आंतरराष्ट्रीय नेत्रपरिषदेने ‘ऑस्कर’ नावाची गुणपत्रिका तयार केली. तीत शस्त्रक्रियेची प्रत्येक पायरी वेगळी मांडली असून नवशिक्यापासून सक्षमापर्यंतच्या चार पातळ्यांवर विद्यार्थी कुठे आहे, हे शब्दांत वर्णन केलेले असते. तीच पत्रिका बकऱ्याच्या डोळ्याला, सिम्युलेटरला आणि व्हिडिओला लावता येते. त्यामुळे प्रगती एका रेषेवर दिसते. भारतात राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या नियमांनी वैद्यकीय महाविद्यालयांत कौशल्य प्रयोगशाळा आवश्यक केल्या आहेत आणि पदव्युत्तर विद्यार्थ्याला केलेल्या कामाची लॉगबुकात नोंद ठेवावी लागते.

कोणतेही यंत्र सगळे शिकवत नाही. आभासी डोळ्यात घाबरून मान हलवणारी आजी नसते, खोकला येणारा दमेकरी नसतो, लहान राहिलेली बाहुली किंवा खोल खोबणीतला डोळा सहसा नसतो. सिम्युलेटरची किंमत कोटीच्या घरात जाते, त्याची दुरुस्ती वेगळी. यंत्र कपाटबंद राहिले किंवा शेजारी बसून सांगणारा शिक्षक नसला, तर गुण वाढतात पण हात तितका सुधारत नाही. उलट बकऱ्याचे चार डोळे, जुना सूक्ष्मदर्शक, एक मोबाइल आणि आठवड्यातून ठरलेला एक तास एवढ्यावर कोणत्याही सरकारी विभागात वेट लॅब चालू शकते.

चांगल्या विभागात या साधनांचा क्रम लागलेला असतो. आधी टोमॅटो आणि टाके, मग बकऱ्याचा डोळा, शक्य तिथे सिम्युलेटरवर ठरावीक गुण, त्यानंतर शिक्षकाच्या शेजारी एकेक पायरी आणि प्रत्येक पायरीचा व्हिडिओ त्याच दिवशी पाहणे. हा क्रम पाळला की परळच्या ओपीडीत कार्ड काढून बसलेल्या रुग्णाच्या डोळ्यात जाणारा शिकाऊ हात पहिल्यांदाच ते काम करत नसतो.